वर्गाने वस्तीसाठी कबड्डी स्पर्धा भरवायची तर: आधी कागद, मग मैदान

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचे श्रेयांक (क्रेडिट) आले. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचं काम, त्यामुळे दोन श्रेयांकांसाठी साठ तास भरायचे. हे तास बहुतेक ठिकाणी सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये आणि झाडाशेजारच्या फोटोत संपतात. आमच्या वर्गाने त्याऐवजी आसपासच्या वस्त्यांसाठी कबड्डीची स्पर्धा भरवली. पहिल्या वर्षी तिचा निम्मा वेळ भांडणं मिटवण्यात गेला, दुसऱ्या वर्षी स्पर्धा वेळेत संपली. दोन्ही वर्षी मैदान तेच होतं आणि मुलंही जवळपास तीच होती. दुसऱ्या वर्षी फक्त मैदानावर ज्यावरून वाद होणार होता ते सगळं आम्ही आधीच लिहून सह्या घेऊन ठेवलं होतं. हा लेख त्या लिहून ठेवण्याबद्दलच आहे. चषक आणि हारतुरे तुम्हाला कुणी शिकवायला नकोत.

कबड्डीच का

क्रिकेटचं नाव निघताच निम्मा वर्ग उठून उभा राहील, हे मान्य. पण टेनिस बॉलच्या स्पर्धेला मोठं मैदान लागतं, चेंडू शेजारच्यांच्या काचा शोधतो आणि एक सामना दीड-दोन तास घेतो. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, शिवाय दोन्ही टोकांना खांब पक्के रोवावे लागतात. कबड्डीला पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर आणि महिलांसाठी १२ बाय ८ मीटर एवढी जागा पुरते. संघात बारा खेळाडू, त्यातले सात मैदानात. साहित्य काहीच नाही. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही वस्तीत हा खेळ कळणारा एक तरी काका भिंतीला टेकून उभा असतोच. प्रेक्षक तयार मिळतात ते असे.

तारीख ठरवताना विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक आणि गावची जत्रा, दोन्ही समोर ठेवा. जानेवारी सगळ्यात सोयीचा: पाऊस नाही, ऊन सोसवतं, पहिल्या सत्राची परीक्षा झालेली असते. तयारीला सहा आठवडे धरा.

वर्गाची वाटणी

साठ जणांचा वर्ग म्हणजे साठ मतं. पहिल्या बैठकीत एक कार्यवाह आणि एक सहकार्यवाह निवडा. मैदानावर शेवटचा शब्द त्यांचा असेल, हे त्याच दिवशी फळ्यावर लिहा. बाकीचे गट मैदान, संघनोंदणी, वेळापत्रक आणि सामने, पैसा, पाणी-प्रथमोपचार, निवेदन-प्रसिद्धी असे पाडा. प्रत्येक गटाला एक प्रमुख, आणि तो आजारी पडला तर कोण, तेही नाव.

यात एक कडू नियम आहे: आयोजक वर्गातल्या कुणीही खेळायचं नाही. आमच्या पहिल्या वर्षी वर्गातले चौघे त्यांच्या वस्तीच्या संघातून उतरले. पंच बाहेरचे होते, तरी त्यांचा संघ जिंकला तेव्हा हरलेले थेट आमच्या टेबलापाशी आले. त्यांचं काही चुकलं नाही. सोडत काढणारा आणि चढाईला जाणारा एकच असेल तर संशय येणारच. चांगल्या खेळाडूंना हे जड जातं. त्यांना मैदानगटात घ्या, माती त्यांनाच जास्त कळते.

परवानग्या

मैदान ज्याच्या मालकीचं आहे (ग्रामपंचायत, नगरपरिषद, शाळा किंवा तुमचंच महाविद्यालय) त्याचं लेखी पत्र आधी. मग ते जोडून पोलीस ठाण्यात अर्ज: स्पर्धा कुठे, किती दिवस, किती लोक अपेक्षित, ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचं शंभर मीटरचं शांतता क्षेत्रही मोजून बघा, कारण आपलं मैदान अनेकदा शाळेलाच लागून असतं. दहाची ही मर्यादा डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं वेळापत्रक तिच्यावरून उलटं मोजायचं आहे.

विजेसाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या किंवा मैदानमालकाच्या मीटरवरून लेखी संमतीने घ्या. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे, आकडा टाकू" असं म्हणणारा एक उत्साही मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला निवेदनाच्या गटात पाठवा.

जिल्हा कबड्डी संघटनेलाही पत्र द्या. पंच तिथूनच मिळतात. शिवाय नोंदणीकृत मंडळांचे खेळाडू येणार असतील तर स्पर्धेला संघटनेची मान्यता लागेल का, हे तेव्हाच विचारून घ्या. एका मैदानाला एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. दोन मैदानं चालवायची तर बारा माणसं. गुणफलक उलटण्याचं आणि चढाईचे तीस सेकंद मोजून देण्याचं काम विद्यार्थी करू शकतात, पण निर्णय देणारी माणसं बाहेरचीच हवीत. त्यांचं मानधन, प्रवास आणि जेवण अंदाजपत्रकात सगळ्यात वर लिहा. मंडपावर खर्च करून पंचांना वडापाववर भागवणारे आयोजक मी पाहिलेत.

एका पानाचे नियम

या पानावर दोन संध्याकाळी घालवा. खेळाचे नियम पंचांना ठाऊक आहेत. तुम्हाला स्पर्धेचे नियम लिहायचे आहेत, आणि ते एकाच पानावर मावले पाहिजेत, नाहीतर कुणी वाचत नाही.

पहिला प्रश्न, खेळणार कोण. वस्तीची स्पर्धा म्हणून जाहीर करायची आणि बक्षीस मोठं ठेवायचं, की लगेच एखादं मंडळ दुसऱ्या जिल्ह्यातून दोन तयार चढाईपटू घेऊन येतं. मग वस्तीतली मुलं राखीव म्हणून बसतात. म्हणून पत्त्याची अट घाला, आणि रोख बक्षीस लहान ठेवा किंवा ठेवूच नका. चषक, संघाला जर्सी आणि प्रत्येक खेळाडूला प्रमाणपत्र एवढं पुरतं. रोख रक्कम नसेल तर संघ येणार नाहीत, असं तुम्हाला ठामपणे सांगितलं जाईल. काही येणार नाहीत हे खरं. पण जे येतील त्यांच्यासाठीच ही स्पर्धा आहे.

ओळख पटवायला आधार कार्ड बघा, पण झेरॉक्स गोळा करू नका. यादीत नाव, वय आणि "पाहिले" एवढी खूण पुरे. स्पर्धेनंतर त्या झेरॉक्सचा गठ्ठा कुणाच्या तरी घरी पडून राहतो आणि शेवटी भेळेच्या पुड्याला जातो. अठरा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी पालकांचं संमतीपत्र मात्र घ्याच, आणि ते स्पर्धेनंतर परत करा.

दुसरा प्रश्न वजनाचा. राष्ट्रीय पातळीवर पुरुष खुल्या गटाला ८५ किलोची मर्यादा असते. वस्तीपातळीवर ५५, ६० किंवा ६५ किलोचा गट ठेवला तर अंगाने लहान पण चपळ पोरांना संधी मिळते. वजन एकाच काट्यावर, एकाच वेळी, सगळ्या कर्णधारांसमोर करा. सवलत द्यायची असेल तर किती ग्रॅम ते पानावर लिहा. "अर्धा किलो तर आहे, सोडा ना सर" हे वाक्य तुम्हाला दहा वेळा ऐकू येणार आहे.

बाकीच्या ओळी अशा. एक खेळाडू एकाच संघातून खेळेल. तीन पुकारे झाल्यावर दहा मिनिटांत संघ उतरला नाही तर समोरच्याला पुढे चाल. बाद फेरीत बरोबरी झाली तर पाच-पाच चढाया, तरीही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई, म्हणजे निकालासाठीची जादा चढाई. गटात तिघांचे विजय सारखे झाले तर गुणफरक पाहिला जाईल. तक्रार फक्त कर्णधाराने, लेखी, सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांत, अनामत रक्कम भरून करायची. तक्रार खरी ठरली तर रक्कम परत. ही अनामत जादूसारखी चालते. आरडाओरडा करणारे वीस जण पाकिटात हात घालायची वेळ आली की चहा प्यायला जातात.

नखं कापलेली हवीत, अंगाला तेल किंवा बुळबुळीत काही लावायचं नाही, कडं-अंगठी-साखळी काढून ठेवायची. हे खेळाचेच नियम आहेत, तरी पानावर लिहा आणि नोंदणीच्या टेबलावर नेलकटर ठेवा. आमच्याकडे दोन दिवसांत सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू तीच.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी सगळ्या कर्णधारांना बोलवा, पान मोठ्याने वाचा, प्रत्येकाची सही घ्या. त्याच बैठकीत सोडत काढा. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाका आणि एखाद्या लहान मुलाला काढायला लावा. एकाच वस्तीतले दोन संघ असतील तर ते वेगवेगळ्या अर्ध्यात टाकायचे, हे चिठ्ठी काढण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर तो घोटाळा दिसतो.

वेळेचं गणित

बाद फेरीत जितके संघ त्यापेक्षा एक कमी इतके सामने होतात, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर पडतो. सोळा संघांचे पंधरा सामने. संघ अकराच आले तर सोळातून अकरा वजा करा: पाच संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल. साखळीत मात्र सामने भराभर वाढतात. सहा संघ एकमेकांशी खेळले तर पंधरा सामने होतात, म्हणजे सोळा संघांच्या बाद फेरीइतकेच.

पुरुषांचा पूर्ण सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. विश्रामवेळ, दुखापत, वाद धरून तो तास घेतो. पंधरा तास तुमच्याकडे नाहीत. म्हणून १५-१५ मिनिटांचे डाव ठेवा आणि एका सामन्याला पंचेचाळीस मिनिटांचा खण द्या. आमचं दुसऱ्या वर्षीचं वेळापत्रक तसंच देतो, तुमच्या संघांच्या संख्येप्रमाणे बदला.

मुलांचे सोळा संघ, मुलींचे सहा, मैदानं दोन. शनिवारी पहिल्या मैदानावर दुपारी तीनपासून मुलांचे पहिल्या फेरीचे आठ सामने, रात्री नऊला संपतात. दुसऱ्या मैदानावर दीडपासून मुलींचे तीन-तीन संघांच्या दोन गटांतले सहा सामने, सहाला संपतात. म्हणजे अंधार पडायच्या आत मुली घराकडे निघू शकतात आणि प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात. रविवारी दोन ते पाच मुलांच्या चार उपउपांत्य लढती. पाचला मुलींची अंतिम लढत, त्या वेळी दुसरं मैदान रिकामं. सहा ते साडेसात मुलांचे दोन उपांत्य सामने. अर्धा तास विश्रांती. आठला अंतिम सामना, सव्वानऊपर्यंत बक्षिसं आणि सांगता. दहाच्या आधी पाऊण तास हाताशी उरतो, आणि तो लागतोच.

मुलींच्या अंतिम लढतीची वेळ हट्टाने राखा. बहुतेक ठिकाणी ती दुपारी बाराला, रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकतात आणि मग "मुलींच्या सामन्याला गर्दी होत नाही" असं म्हणतात. आम्ही पाचला ठेवली तेव्हा मुलांच्या उपांत्य फेरीला आलेले सगळे लोक आधीच येऊन बसले होते. बक्षीसही तिथल्या तिथे दिलं, रात्रीच्या समारंभापर्यंत थांबवलं नाही. मुलींसाठी आतून कडी लागणारी खोली, पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि तिथे वर्गातल्या दोघी कायम, एवढं नसेल तर मुलींचे संघ बोलावूच नका. पालक एकदा येऊन बघून जातात, आणि त्यावरच पुढच्या वर्षी संघ येणार की नाही ते ठरतं.

पाहुण्यांसाठी सामना थांबवायचा नाही, हेही वेळापत्रकातच छापा. आमदार असोत की नगरसेवक, ते आले की डावाच्या मध्यंतरात हात मिळवतील, दोन मिनिटं बोलतील. निमंत्रण देतानाच हे नम्रपणे सांगितलं तर कुणी रागावत नाही. अंग तापलेला खेळाडू वीस मिनिटं हार बघत उभा राहिला की पुढच्याच चढाईत पाय मुरगळून घेतो.

मैदान

आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. जागा खरवडून दगड, काचा, बाटल्यांची झाकणं वेचा. हाताने वेचून झालं की अनवाणी चालून बघा. वरची माती चाळणीतून चाळा, पाणी मारा, रोलर फिरवा, वाळू द्या, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. शेवटचं भरपूर पाणी आदल्या संध्याकाळी, सामन्याच्या दिवशी फक्त धूळ बसण्यापुरता शिडकावा. ओल जास्त झाली तर पाय घसरतो, कमी झाली तर तिसऱ्या सामन्यापासून प्रेक्षकांना फक्त धूळ दिसते.

आखणीला तीन माणसं, टेप आणि सुतळी. चौकोन तिरका झाला की नाही हे कर्णावरून कळतं: १३ बाय १० च्या मैदानाचा कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर यायला हवा, १२ बाय ८ च्या मैदानाचा १४ मीटर ४२. दोन्ही कर्ण सारखे आले की मैदान काटकोनात. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरचं राखीव क्षेत्र याच मापात धरलेलं असतं. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूने निदान एवढी तरी ओलांडायची ती) पुरुषांना पावणेचार मीटरवर, महिलांना तीन मीटरवर. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा (जादा गुणाची). रेषांची रुंदी तीन ते पाच सेंटिमीटर.

रेषा चुन्याने मारू नका. कबड्डीत माणूस रेषेवरच पडतो, आणि चुना डोळ्यात किंवा खरचटलेल्या गुडघ्यात गेला की भाजतं. पांढरी रांगोळी वापरा. प्रत्येक सामन्यानंतर पुन्हा ओढावी लागते, त्यासाठी दोघं जण गाळणी घेऊन तयार ठेवा. पट्ट्या ताणून खिळ्यांनी ठोकायच्या असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

प्रेक्षकांची दोरी शेवटच्या रेषेपासून किमान चार मीटर लांब. पकडीत सात जणांचा गोळा सरकत कुठपर्यंत जातो हे एकदा पाहिलं की चार मीटरही कमी वाटतात. जानेवारीत सव्वासहानंतर उजेड जातो, म्हणून दिवे दोन्ही लांब बाजूंना उंचावर लावा. शेवटच्या रेषेमागे लावले तर चढाईपटूच्या थेट डोळ्यांवर येतात. जनरेटर भाड्याने घ्या आणि शुक्रवारी रात्री एकदा सुरू करून बघा.

पैसा आणि दुखापती

अंदाजपत्रकात पंच, वीज-दिवे, माती-पाणी, चषक-प्रमाणपत्रं, पाणी-नाश्ता, प्रथमोपचार ही खाती हवीत, आणि वर एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाइतकी शिल्लक. फ्लेक्स एकच, प्रवेशाशी. वर्गणी घ्यायची तर क्रमांक असलेल्या पावती पुस्तकावर. दुकानदारांकडे मात्र पैशांपेक्षा वस्तू मागा: कुणी केळी देतो, कुणी पाण्याचे जार, मेडिकलवाला पट्ट्या आणि ओआरएस. वस्तू दिलेला माणूस स्पर्धा बघायलाही येतो. रोख खर्चावर दोघांच्या सह्या, आणि हिशेब रोज रात्री, घरी जायच्या आधी. आम्ही एकदा "उद्या बसू" म्हणालो आणि बाराशे रुपये कुठे गेले ते आजतागायत कळलेलं नाही.

शहरातल्या एखाद्या डॉक्टरला दोन्ही दिवस मैदानावर बसायची विनंती करा. बर्फ, पट्ट्या, निर्जंतुक द्रावण, स्ट्रेचर टेबलाजवळ. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि तिची वाट मोटारसायकलींनी अडणार नाही यासाठी एक माणूस कायम उभा. पकडीत खांदा निखळू शकतो. गर्दीतला कुणीतरी "मी बसवतो" म्हणत पुढे येईल, त्याला हात लावू देऊ नका. झोळीत हात बांधून दवाखान्यात पाठवा. डोक्याला मार लागून क्षणभर जरी भोवळ आली, तरी तो खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही. हा निर्णय डॉक्टरांचा, कर्णधाराचा नाही, आणि ही ओळसुद्धा त्या पानावर हवी. रक्त येत असेल तर पट्टी बांधूनच मैदानात.

निवेदकाबद्दल एकच. माइक हातात आला की काही मुलांना विनोद सुचतात, आणि वस्तीच्या, आडनावाच्या, रंगाच्या विनोदावरून उसळलेलं भांडण कुठलाही पंच मिटवू शकत नाही. खेळाडूचं नाव, गुण, पुढचा सामना आणि हरवलेल्या चपला, एवढंच बोलायचं.

सोमवारची सकाळ

प्रमाणपत्रांवरची नावं संघाच्या यादीवरून नाही, खेळाडूला विचारून लिहा. "सूरज" आणि "सुरज" हे दोन वेगळे भाऊ असू शकतात. हिशेब महाविद्यालयाच्या आणि वस्तीच्या फलकावर आठ दिवस लावा. श्रेयांकांचा अहवाल लिहिताना कुणी कोणतं काम किती तास केलं याच्या रोजच्या नोंदी जोडा. त्या स्पर्धेनंतर आठवून लिहिता येत नाहीत, म्हणून पहिल्या बैठकीपासूनच वही ठेवा.

मंडपवाला खुंट्या ठोकतो तेव्हा मोजून घ्या, आणि उपटतो तेव्हाही मोजा. आमच्याकडे चाळीस ठोकल्या आणि अडतीस निघाल्या. सोमवारी सकाळी सात वाजता आठ जण रांगेने बसून मातीत हात फिरवत होतो, कारण साडेसातला शाळेची मुलं त्याच मैदानावर अनवाणी येतात. एकोणचाळिसावी गोलपोस्टपाशी सापडली. चाळिसावी त्या मुलांपैकीच एकाने आणून दिली.